उपासक कोणास म्हणावें?

१. सह्याद्रींतील लेण्यांच्या भिंतींवर व खांबांवर कोरलेल्या ब्राह्मी लेखांचें वाचन सुरू होऊन आतां दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांचा संग्रह १८८१ सालीं प्रसिद्ध झाला. कार्ले व नाशिक येथील लेखांचें सेनार यांनीं पुन्हां परिशीलन केलें. ल्यूडर्स यांची ब्राह्मी लेखांची यादी १९१२ सालीं निघाली. आणि कान्हेरीच्या लेखांचा शोभना गोखले यांनीं सिद्ध केलेला संग्रह १९९१ मध्यें अभ्यासकांच्या हातीं आला. या परिश्रमांमुळें दात्यांचीं नांवें, गांवें, धंदे व नातींगोतीं आपणांस ठाऊक झालीं आहेत. तथापि एका प्रश्नाचा विचार करतांना आपल्या लेखनांत अद्यापि शिथिलता दिसते. लेण्यास दान देणारा मनुष्य बौद्ध होता काय, हा तो प्रश्न होय. टिपणें करतांना आपण ‘बौद्ध दाता’ असें लिहून मोकळे होतों. किंवा याच्या उलट, त्याच दात्यानें ब्राह्मणांसही गाई दिल्या आहेत असें दिसतांच ‘हा बौद्ध नव्हे’ असा निर्णय देतों. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. घर न सोडतां बौद्ध धर्माचें आचरण करणें म्हणजे काय, हें आधीं ठरविल्यावांचून लेखांचा अर्थ लागणार नाहीं. तें ठरविण्याचा यत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

२. प्रथम शब्दाचा विचार करूं. सातवाहनकालीन दाता स्वतःची ओळख सांगतांना ‘बौद्ध’ हें विशेषण लावीत नाहीं. घर सोडलेला असेल तर तो भिक्षु किंवा प्रव्रजित म्हणून येतो. गृहस्थ असेल आणि धर्मसंबंध सांगावयाचा असेल तर ‘उपासक’ किंवा ‘उपासिका’ हें पद येतें. उप म्हणजे जवळ व आस् म्हणजे बसणें. जो जवळ बसतो, सेवा करतो, ऐकतो, तो उपासक. हा शब्द मत दर्शवीत नाहीं, वर्तन दर्शवितो, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पाली ग्रंथांत या पदाचें लक्षण निःसंदिग्धपणें दिलें आहे. कपिलवस्तूच्या न्यग्रोधारामांत महानाम शाक्यानें बुद्धास विचारलें कीं, मनुष्य उपासक केव्हां होतो. त्याच्या उत्तराचा आशय असा : बुद्ध, धर्म व संघ या तिहींस जो शरण गेला तो उपासक होय. महानामानें पुढें विचारलें कीं, उपासक शीलवान् केव्हां होतो. तेव्हां प्राणघात, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्य या पांचांपासून तो दूर राहतो तेव्हां, असें उत्तर मिळालें. त्यानंतर श्रद्धा, त्याग व प्रज्ञा यांची लक्षणें क्रमानें सांगितलीं आहेत. यांतील मर्म असें कीं, उपासक होणें ही एक पायरी आणि शीलवान् उपासक होणें ही दुसरी पायरी आहे. पहिलीनें नांव मिळतें, दुसरीनें तें सार्थ होतें.

पहिल्या पायरीलाही इतिहास आहे. बोधीनंतर लगेच भेटलेले तपस्सु व भल्लिक हे दोन व्यापारी बुद्ध व धर्म या दोहोंसच शरण गेले, कारण संघ तेव्हां अस्तित्वांतच नव्हता. तिन्ही शरणें घेणारा पहिला उपासक म्हणून वाराणसीच्या यशाच्या पित्याचें नांव विनयांत येतें. येथें गृहस्थाला क्षौर, वेषांतर अथवा नामांतर यांपैकीं कांहींच करावें लागत नाहीं. मुखानें शरण जाणें एवढेंच पुरतें.

दुसऱ्या पायरीचा विस्तार मात्र बराच आहे. पक्षांतील अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावास्या या दिवशीं उपोसथ पाळावयाचा. त्या दिवशीं पांच नियमांचे आठ होतात. ब्रह्मचर्य पाळावें लागतें. मध्यान्हीनंतर भोजन, नृत्यगीत व माळाउटणीं आणि उंच शय्या हीं वर्ज्य होतात. म्हणजे गृहस्थ त्या एका दिवसापुरता भिक्षूच्या जीवनाची चव घेतो. धंद्यासंबंधींही बंधन आहे. शस्त्रें, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकानें करूं नये असें अंगुत्तर निकायांत सांगितलें आहे. लेण्यांच्या दात्यांत व्यापाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हा नियम लेखाभ्यासकानें विसरूं नये.

३. आतां असा प्रश्न येतो कीं, उपासकानें वाईट वर्तन केल्यास संघ काय करी? भिक्षूसाठीं प्रातिमोक्षाचे नियम व दंड आहेत. गृहस्थासाठीं तसें कांहीं नाहीं. त्याला धर्माबाहेर काढण्याचा विधि आढळत नाहीं. जो आढळतो तो मोठा अर्थपूर्ण आहे. वैशालीच्या वड्ढ नांवाच्या लिच्छवीनें कांहीं भिक्षूंच्या चिथावणीवरून दब्ब मल्लपुत्त या भिक्षूवर खोटा आळ घेतला. त्यावर संघानें त्याच्यापुढें ‘पात्र पालथें’ केलें. याचा अर्थ, त्याच्या घरचें अन्न व दान कोणीही भिक्षु स्वीकारणार नाहीं. वड्ढानें अपराध कबूल करून क्षमा मागितल्यावर पात्र पुन्हां उलथें करण्यांत आलें.

दंड म्हणून द्रव्य घ्यावयाचें ही जगाची रीत. येथें दंड म्हणून द्रव्य घेण्याचें नाकारलें आहे. दान देण्यास मिळणें हाच उपासकाचा अधिकार होता, व तो गेला म्हणजे संघाशीं असलेला त्याचा संबंध तुटला. लेण्यांतील लेखांत ‘देयधम’ हें पद पुनःपुन्हां कां येतें, हें या कथेवरून चांगलें उमगतें. खांब, टांकें, ओटा किंवा नुसती कोरीव वेदिका, दान कितीही लहान असो, तें संघानें स्वीकारलें याची ती नोंद आहे.

४. उपासकानें स्वतःच्या आचरणाविषयीं स्वतः लिहिलेला सर्वांत जुना व स्पष्ट पुरावा अशोकाचा आहे. रूपनाथ, ब्रह्मगिरि, मास्की इत्यादि ठिकाणच्या लघु शिलालेखांत तो सांगतो कीं, आपणांस उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला. परंतु पहिलें एक वर्ष आपण फारसा पराक्रम केला नाहीं. पुढें संघाशीं निकट संबंध आला, आणि तेव्हांपासून वर्षाहून अधिक काळ आपण मोठा पराक्रम करीत आहों. येथें पराक्रम म्हणजे युद्धांतील शौर्य नव्हे, धर्माचरणांतील नेट होय. हें फळ मोठ्यांनाच मिळतें असें नाहीं, क्षुद्र मनुष्यालाही नेट धरल्यास तें साध्य आहे, असेंही तो लागलीच बजावतो.

अशोकाच्या राज्यकारभाराची चर्चा पुष्कळ झाली, पण या कबुलीकडे द्यावें तितकें लक्ष दिलें गेलें नाहीं. उपासक हें नांव धारण करून एक वर्ष निष्क्रिय राहतां येतें, हें तो स्वतःच सांगत आहे. महानामाला मिळालेल्या उत्तरांतील दोन पायऱ्या येथें एकाच माणसाच्या आयुष्यांत, कालगणनेसह, आपणांस दिसतात. ‘बौद्ध होणें’ व ‘बौद्ध म्हणून वागणें’ यांतील अंतर दगडावर कोरून ठेवणारा दुसरा राजा सांपडणें कठीण.

बैराट-भाब्रू येथील लेख, जो आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटींत आहे, या विषयास आणखी जोड देतो. त्यांत अशोक त्रिरत्नांवरील श्रद्धा व्यक्त करून सात धर्मपर्यायांचीं नांवें घेतो व ते भिक्षु, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका या चौघांनींही ऐकावेत व मनांत धरावेत अशी इच्छा प्रकट करतो. या सात नांवांचा पाली ग्रंथांशीं मेळ बसविण्याच्या कामीं आपल्या धर्मानंद कोसंबी यांनीं १९१२ सालीं जो लेख लिहिला तो प्रसिद्धच आहे. सातांपैकीं शेवटचा पर्याय म्हणजे राहुलास असत्याविषयीं केलेला उपदेश, असें अशोक स्वतः सांगतो. तेव्हां ग्रंथश्रवण व सत्यभाषण हीं गृहस्थाच्या आचरणाचीं अंगें होतीं, हें यावरून सिद्ध होतें. सारनाथच्या लेखांत तर उपासकांनीं प्रत्येक उपोसथाच्या दिवशीं येऊन राजाज्ञा समजून घ्यावी असें म्हटलें आहे. अर्थात् उपोसथास लोक जमत असत हें तो गृहीतच धरतो.

५. ही कसोटी घेऊन आतां महाराष्ट्रांतील लेण्यांकडे वळूं. नाशिकच्या दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. त्याच्या दानाचा हिशेब मोठा चोख आहे. गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या व्याजानें ठेविले. त्याचें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे, म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण शेंकडा पाऊण दरानें ठेविले. भिक्षूंच्या सोईचा इतका बारीक विचार करणारा हा पुरुष स्वतःस उपासक मात्र म्हणवीत नाहीं. उलट त्याच लेण्यांत त्यानें तीन लक्ष गाई दिल्या, देवांना व ब्राह्मणांना सोळा गांवें दिलीं, वर्षास लक्ष ब्राह्मणांस भोजन घातलें, प्रभासक्षेत्रीं ब्राह्मणांचे विवाह करून दिले, असें सविस्तर नमूद आहे.

तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री हिचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं तिनें तें लेणें भद्रायणीय भिक्षुसंघास दिलें. त्याच लेखांत तिच्या पुत्राचा गौरव ‘एकब्राह्मण’ या पदानें केला आहे. तिच्या सत्यवचनाची, दानाची, क्षमेची व अहिंसेची वाखाणणी आहे, परंतु उपासिका हें पद तिला लाविलेलें नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. कार्ले येथें पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षीं नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांस देणारा सेतफरणाचा पुत्र हरफरण हा अबुलामा येथील रहिवासी, नांवावरून परदेशी वंशाचा दिसतो. तो स्वतःस उपासक म्हणवितो. रायगड जिल्ह्यांतील कुडा येथें एका चैत्यगृहाचें दान भयिला नांवाच्या ब्राह्मणीनें केलें. ती अयितिलु नांवाच्या ब्राह्मण उपासकाची भार्या होती. ब्राह्मण व उपासक हीं दोन्ही पदें एकाच पुरुषास एकाच ओळींत लाविलेलीं आहेत, आणि कोरणाऱ्यास किंवा दात्रीस त्यांत कांहीं विसंगति वाटलेली नाहीं. शेलारवाडी येथील दात्री सिअगुतणिका ही धेनुकाकटच्या एका हालकिय कुटुंबिकाची, म्हणजे नांगरधारी शेतकऱ्याची, बायको. पुत्र नंद याच्यासह तिनें लेणें दिलें; तिनेंही आपणांस उपासिका म्हटलेलें नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांचीं दानें आहेत, तींही निव्वळ दानें म्हणूनच नोंदलेलीं आहेत.

उपासक असूनही इतरांस दान देतां येई काय, या शंकेचें उत्तर ग्रंथांतच आहे. वैशालीचा सेनापति सीह हा आधीं निर्ग्रंथांचा अनुयायी होता. तो बुद्धास शरण गेला तेव्हां बुद्धानें त्यास सांगितलें कीं, तुझें घर निर्ग्रंथांना फार दिवस पाणवठ्यासारखें आहे, तरी ते आले असतां त्यांना भिक्षा देणें तूं थांबवूं नकोस. यावरून दोन गोष्टी ठरतात. अन्य पंथांस दान दिल्यानें उपासकपण जात नाहीं. आणि संघास दान दिल्यानें तें आपोआप येतही नाहीं. उषवदातास बौद्ध ठरविणारे व न ठरविणारे, दोघेही दानाचीच तुला हातीं घेऊन बसले, म्हणून त्यांचा वाद मिटला नाहीं. दान हें आचरणाचें एक अंग होय. तें ओळखीचें चिन्ह नव्हे.

६. एवढ्या विवेचनावरून टिपणें करणारांसाठीं एक साधी वर्गवारी सुचवावीशी वाटते. पहिल्या वर्गांत केवळ दाते. यांना ‘संघाचा दाता’ म्हणावें, अधिक कांहीं म्हणूं नये. दुसऱ्या वर्गांत उपासक किंवा उपासिका हें पद स्वतः घेणारे. यांनीं त्रिशरण स्वीकारलें होतें असें मानण्यास हरकत नाहीं. तिसऱ्या वर्गांत ज्यांच्या आचरणाचा स्वतंत्र पुरावा आहे ते, म्हणजे उपोसथ, ग्रंथश्रवण, संघाशीं नित्य संबंध यांचा जेथें उल्लेख आहे ते. पहिला वर्ग फार मोठा, दुसरा लहान, आणि तिसरा अगदीं विरळ असा भरेल. परंतु तिसरा विरळ आहे म्हणून आचरण विरळ होतें असा तर्क करूं नये. शीलपालनाचा शिलालेख कोणी कोरीत नसतो.

काळ पुढें सरकला तसा या पदांचा आशयही पालटला. अजिंठा व कुडा येथील उत्तरकालीन लेखांत ‘शाक्यभिक्षु’ सारखीं पदें येऊं लागतात. कान्हेरीच्या शके ७७५ च्या शिलाहारकालीन लेखांत गौड देशाहून आलेला गोमिन् अविघ्नाकर शंभर द्रम्मांचें दान देतो व तेथें ‘परमसौगत’ म्हणून त्याचा निर्देश होतो. परममाहेश्वर, परमभागवत अशा बिरुदांच्या त्या युगांत सौगतालाही तसेंच बिरुद प्राप्त झालें. तेव्हां उषवदाताच्या काळची मोकळीक व अविघ्नाकराच्या काळची पंथनिष्ठा यांस एकाच मापानें मोजणें युक्त नव्हे.

७. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा विषय विशेष निकटचा आहे. पालकालीन अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या ताडपत्री पोथ्यांच्या अखेरीस जी पुष्पिका असते, तिची घडण लेण्यांतील दानलेखाशींच नातें सांगते. ही पोथी अमुक परमोपासकाचें किंवा परमोपासिकेचें देयधर्म आहे, तो महायानाचा अनुयायी आहे, आणि यांतील पुण्य आचार्य, उपाध्याय, मातापिता यांना पुढें करून सकल प्राण्यांस ज्ञानप्राप्तीसाठीं असो, असा तिचा आशय असतो. येथें दात्याच्या नांवापुढील परमोपासक हें पद वगळून नुसतें नांव उतरून घेणें म्हणजे प्रमाणाचा अर्धा भाग टाकून देणें होय. तसेंच दाता व लेखक हे बहुधा भिन्न असतात. लेखकाच्या नांवावरून दात्याचा धर्म, किंवा दात्याच्या नांवावरून लेखकाचा धर्म ठरवूं नये.

अशा पोथ्यांच्या लांकडी फळ्यांवर चंदन व शेंदूर यांचे थर जमलेले असतात. नीटनेटकेपणाच्या हौसेनें ते खरवडून फळ्या उजळ करण्याचा मोह संग्राहकास होतो. तसें कदापि करूं नये. तो मळ नव्हे. त्या पोथीची पिढ्यान् पिढ्या पूजा झाली याचा तोच एक साक्षीदार आहे. नेपाळांत पाटण येथील क्वा बहालांत प्रज्ञापारमितेच्या पोथीचें पठन आजही यजमानांच्या इच्छेनुसार होतें. पोथी वाचण्यासाठीं असते तशीच ती वंदनासाठींही असते, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें. कान्हेरीच्या नवव्या शतकांतील एका दानांत चीवर व दुरुस्ती यांच्याबरोबर ग्रंथांसाठींही तरतूद केलेली आहे, तीही याच भावनेची खूण होय.

८. या प्रश्नास आपल्या काळीं महाराष्ट्रांत नवें वळण लागलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं भिक्षु चंद्रमणि यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केलें, आणि मग स्वतः लाखों अनुयायांस तें देऊन त्यासोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांत त्यांनीं एक ऐतिहासिक मीमांसा केली आहे. संघांत प्रवेश करणारासाठीं दीक्षाविधि होता, परंतु गृहस्थ राहून धम्म स्वीकारणारासाठीं वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती, आणि भारतांतून बौद्ध धर्म लोपण्याच्या कारणांत ती एक होय, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

लेण्यांतील लेख पाहिले म्हणजे या प्रतिपादनाचें बळ कळतें. उपासक व केवळ दाता यांमधील सीमारेषा त्या लेखांत खरोखरीच पुसट आहे. संघ गेला, विहार ओस पडले, आणि ज्याच्या हातीं देणें एवढेंच होतें त्याला देण्यास जागा राहिली नाहीं. बावीस प्रतिज्ञांनीं ही रेषा ठळक केली. त्यांत जुन्या दैवतांची उपासना व श्राद्धपक्ष यांचा त्यागही सांगितला असल्यामुळें, ‘ब्राह्मण उपासक’ अयितिलु याच्या काळची मोकळीक तेथें अभिप्रेत नाहीं, हें उघड आहे. परंतु मूळ दोन पायऱ्या कायम आहेत : शरण जाणें ही पहिली, व शील पाळणें ही दुसरी. २०११ च्या शिरगणतींत भारतांतील सुमारें ८४ लक्ष बौद्धांपैकीं सुमारें ६५ लक्ष महाराष्ट्रांत नोंदले गेले. गांवोगांवच्या विहारांत पौर्णिमेस वंदना होते, आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत उपासक-उपासिका जमून ग्रंथवाचन ऐकतात. भाब्रूच्या लेखांतील अशोकाची इच्छा याहून निराळी नव्हती.

९. सारांश असा. उपासक हें जन्मानें मिळणारें नांव नव्हे, मतानें मिळणारें नव्हे, आणि दानानेंही मिळणारें नव्हे. तें शरणगमनानें मिळतें व शील, उपोसथ, श्रवण, त्याग यांनीं टिकतें. नांव मिळाल्यावरही नेट धरावा लागतो, हें अशोकानें स्वतःचें उदाहरण देऊन सांगून ठेविलें आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती आहे. जुन्या लेखांत तिसऱ्या वर्गाचा पुरावा विरळ असल्याची खंत आपण बाळगतों. पण नजीकच्या काळाचा तसाच पुरावा आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे. १९५६ व त्यापुढील दीक्षासमारंभांचीं हस्तपत्रकें, विहारांच्या वर्गणीच्या व वर्षावासांतील वाचनाच्या वह्या, हातानें उतरून घेतलेले वंदनापाठ, यांस अद्यापि दप्तर म्हणून कोणी जपत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं तारीख, गांव व मालकी यांची नोंद करून ते सुरक्षित ठेवावेत, व त्यांच्या याद्या प्रसिद्ध कराव्यात. शीलाचा शिलालेख होत नाहीं हें खरें. पण वहींतील एका ओळींत त्याची खूण उरूं शकते.